वरून काढलेला फोटो

नोटीस ऑलिव्हच्या बुंध्याशी दगडाखाली दाबून ठेवली होती. हातात द्यायची पद्धतच नाही. दगडाखाली ठेवायची, तिचा फोटो काढायचा, की कायदा पाळला. पण आज वस्फिया सकाळीच गाढव नि नांगर घेऊन शेतावर आली, आणि इस्रायली जमीन-कचेरीचा एल्दाद कॅमेऱ्यासकट तिला आयताच सापडला. सोबत लष्कराचे दोन शिपाई.

भाचा जौदत याने कागद वाचला. "खाला, तीन वर्षं जमिनीला नांगर लागलेला नाही म्हणतात. म्हणून सरकारजमा."

"लागू कोणी दिला?" वस्फिया एल्दादवर कडाडली. "दर वर्षी नांगर घेऊन येते. दर वर्षी हेच शिपाई मला हाकलून लावतात. माझ्या सासऱ्याच्या हातची चाळीस झाडं आहेत ही!"

एल्दाद अरबी चांगलं बोलायचा. "हज्जा, वस्तीपासून तीनशे मीटर लांब राहायचं. त्यांच्या सुरक्षेचा नियम आहे."

वस्ती म्हणजे वरच्या टेकडीवर इस्रायलींनी टाकलेली सतरा पत्र्याची घरं. पाण्याची टाकी, विजेचे खांब, पोरांसाठी झोपाळा.

"आणि त्यांच्या जमिनीचा कागद कुठाय?"

एल्दादचा आवाज खाली आला. "त्यांना परवानगी नाहीच. आमच्या कोर्टानेसुद्धा ती वस्ती बेकायदा ठरवलीय. आमच्या नकाशावर टेकडी रिकामी आहे."

"रिकामी?"

"कागदोपत्री."

"मग मी लांब राहायचं ते कोणापासून? झोपाळ्यापासून?"

पुरावा म्हणून विमानातून काढलेला फोटो एल्दादने तिच्यापुढे धरला. चाळीस झाडं, दगडी बांध, मधे माजलेलं गवत, सगळं स्वच्छ दिसत होतं. वस्फियाने बोट वर वर सरकवत नेलं. टेकडी सुरू होते तिथेच फोटो संपला होता.

"एवढ्या उंचावरून माझं गवत दिसलं," ती म्हणाली, "आणि सतरा घरं दिसली नाहीत?"

तिने फाळ जमिनीत दाबला. "हाक रे, जौदत!"

शिपाई हिब्रूत ओरडले. गाढवाला हिब्रू येत नव्हती, ते चालत राहिलं. वीसेक पावलं गेल्यावर एका शिपायाने पुढे होऊन त्याची दोरी धरली.

गवत फाडून नांगराचं ओलं, तांबडं तास उठलं होतं. वस्फिया चपला काढून त्यात उभी राहिली.

"लागला नांगर," ती एल्दादला म्हणाली. "काढ आता फोटो."

एल्दादने तासाकडे पाहिलं, मग टेकडीकडे पाहिलं, आणि कॅमेऱ्याला झाकण लावलं.