गव्हाला बंदी

गहू न सोसणाऱ्या लेकरांचा मेळावा वैजनाथनं कंधारला आपल्या घरीच भरवला. त्याच्या लेकीचं, ऋतुजाचंही तेच दुखणं. दारात उभं राहून त्यानं येणाऱ्या एकेका आईची पिशवी तपासली. कमरुन्निसानं प्रवासात स्वतःसाठी घेतलेली बिस्किटंसुद्धा बाहेर ठेवायला लावली. "आपा, गव्हाचा एक कण बी आत येऊ देणार न्हाई!"

लेकरं कुणाला काही न विचारता पोटभर जेवली. ते पाहून वैजनाथच्या आईला, धोंडाबाईला, भरून आलं. निघताना तिनं एकेकीला पाटावर बसवून ओटी भरली. खण, नारळ अन् ओंजळ ओंजळ गहू.



ओढणीत गहू सावरत कमरुन्निसा दारात थांबली. "भाऊ, जाताना बी पिशवी तपासता का?"