पुन्हा छाती उघडायची

"कापायची भीती वाटते, असं सरळ सांगा ना," सदाशिव बोंद्रे म्हणाले आणि त्यांनी एक्स-रे टेबलावर आपटला.

डॉक्टर परचुरेंनी तो उचलला. दीड वर्षापूर्वी त्यांनीच या माणसाच्या उजव्या फुप्फुसावरचं आवरण सोलून काढलं होतं. गाठ परत आली होती, जुन्या टाक्यांच्या खाली, बरगड्यांना धरून. मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. कलकत्त्याच्या इतक्या वर्षांत या रोगाचे त्यांनी तीनच रुग्ण पाहिले होते. इतका उद्धट एकही नव्हता.

"पुन्हा छाती उघडून एक दिवस वाढणार नाही. असतील तेही कमी होतील."

"दिवस माझे. तुमचं काय जातं?"

"ऐकू नका यांचं," दाराशी उभी असलेली त्यांची बायको शकुन म्हणाली. "मरायची घाई झालीय."

"तू गप्प बस."

परचुरेंचा संयम सुटला. मागच्याच आठवड्यात या गृहस्थाने भर वॉर्डात, डॉक्टरांनी गाठ अर्धवट ठेवली, असा बोभाटा केला होता. "दुसरा सर्जन बघा, बोंद्रे. माझ्याकडून हे होणार नाही."

बोंद्रे खुर्चीत बसले. दम खाऊन बोलले, "मागच्या वेळी काढलेला गाठीचा तुकडा आमच्या कंपनीचे डॉक्टर पुन्हा तपासतो म्हणून घेऊन गेले. तपासणीच्या स्लाइडच्या काचांसकट. तो हरवला. परत आला नुसता कागद. त्यावर टीबी लिहिलंय."

परचुरेंना हे ठाऊक नव्हतं.

गार्डन रीचच्या एका जहाज कारखान्यात बोंद्रे बावीस वर्षं वाफेच्या नळांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळत होते. मेसोथेलिओमा होतो तो बहुधा त्याच्याच तंतूंनी.

"शेडमध्ये अजून सतरा जण तेच गुंडाळतायत. टीबीच्या कागदावर युनियन काय भांडणार?"

"तुकड्यासाठी सुई पुरेल."

"सुईनं चिमूटभर निघेल. चिमूट पुन्हा हरवेल. मला बरं करा म्हणून कोण सांगतंय? मोठा तुकडा काढा, दोन भाग करा. एक त्यांना नेऊ द्या."

शकुन पुढे आली. "हे मला का नाही सांगितलंत?"

परचुरेंनी ऑपरेशनची वही पुढे ओढली.

मंगळवारी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर, गाठ किती निघाली, हे बोंद्रेंनी विचारलंच नाही.

"तुकड्याच्या दोन बाटल्या भरल्यात?"

"तीन," परचुरे म्हणाले. "तिसरी माझ्या घरी आहे."