कोतवाल आणि खोडरबर

"काकू, कोतवालाच्या ह्या पुस्तकात पहिल्याच पानावर कुणीतरी खुन्याचं नाव लिहिलंय. दुसरी प्रत शोधू?" वाचनालयातल्या जयवंतने विचारलं.

"असू दे," मी म्हटलं.

आमच्या वाचनालयातली ही जुनीच खोडी. आधी वाचणारा पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. पुस्तक घरी आलं, की माझा रसभंग नको म्हणून आमचे हे ते खोडरबराने पुसून मगच माझ्या हातात द्यायचे. कागदावर पेन्सिलीचा दाब मात्र राहायचा. उजेडात तिरकं धरलं की नाव स्पष्ट वाचता यायचं. मी कधी बोलले नाही.

खुनी कळला म्हणून माझं काय बिघडत होतं? घोड्याला घाबरणारा, तपासाला पायीच जाणारा, घरी आल्यावर बायकोला सगळं सांगत बसणारा तो पेशवाईतला कोतवाल मला पुन्हा भेटायचा.

जेवताना हे विचारायचे, "कोण वाटतोय खुनी?" मी मुद्दाम भलतंच नाव सांगायचे. हे गालात हसत आणखी भात वाढून घ्यायचे.

आज घरी आल्यावर, हे गेल्यापासून न उघडलेल्या खणातून खोडरबर काढलं. आधी ते नाव पुसलं, मगच वाचायला बसले.