तांबडी गाठ

दौलतरावांनी घसा खाकरला, पेपर झटकून सरळ केला आणि फाटक्या कोटांच्या ढिगावरच बैठक मारली. दुपारची सुट्टी झाली होती. शेडमधल्या बाया भाकऱ्यांची फडकी सोडून बसल्या होत्या. दौलतराव जुने हवालदार, आता लष्कराच्या या कपडे-डेपोत मुकादम. दिल्लीत लष्कराचा वर्षाचा खर्च मंजूर झाला, की दुसऱ्या दिवशी तो बायांना मोठ्यानं वाचून दाखवायचा, हा त्यांचा दरवर्षीचा नेम. ऐट अशी, की जणू सगळं त्यांच्याच सहीनं मंजूर झालंय.

"विलायतेहून जेट विमानं!" ते गरजले. "नवे रणगाडे! आणि बायांनो, एक आख्खं जहाज, त्याच्या पाठीवरून विमानं उडणार! सभागृहात बाकं बडवली म्हणे."

"आन कोटाचं काय लिव्हलंय?" गोजाबाईनं विचारलं.

"कोट?" दौलतराव हसले. "अहो गोजाबाई, कोटाचं कुणी पेपरात छापतं का?"

बायाही हसल्या. गोजाबाई हसली नाही. पिंपळे सौदागरहून नदी उतरून, कासारवाडीचे रूळ ओलांडून ती रोज इथं यायची, ती या कोटांपायीच. महायुद्ध संपून बारा वर्षं झाली, तरी त्या वेळचे लोकरी कोट अजून इथं निवडायला येत. शिवून धकेल तो शिवायचा. ज्याची लोकरच मेली, त्याच्या कॉलरच्या आत तांबड्या दोऱ्याची गाठ मारून बाजूला फेकायचा. तांबडी गाठ म्हणजे कोट बाद, माणसाच्या अंगावर घालायचा नाही, चिंध्या म्हणून लिलावात काढायचा. गेल्या दसऱ्याला असल्या बाद कोटांचा एक ट्रक भरून गेला, तेव्हा ब्याद टळली म्हणून तिनं सुस्कारा सोडला होता. तिचा ज्योतीराम काश्मीरात बर्फातल्या चौकीवर होता. हाताखालून जाणारा प्रत्येक कोट ती त्याच्या अंगावर घालून बघायची, मनातल्या मनात.

"विमानं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि कनवटीचं पाकीट काढून तिनं पुढं केलं. "पोराचं पत्र आलंय. तेवढं वाचा."

दौलतराव अजून विमानांच्याच तोऱ्यात होते. त्याच खड्या आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"'तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. इथं थंडी फार. मला मिळालेल्या कोटाचं अस्तर गेलं आहे, लोकर झडते, वारा आरपार जातो. महिनाभर खोकला सुटत नाही, छातीत दुखतं. पण तू काळजी करू नको. कोटाच्या कॉलरमध्ये...'"

दौलतराव थांबले.

"वाचा की."

"बाकी आपलं नेहमीचंच. घरी सगळ्यांना नमस्कार—"

"माझ्या पोराचं पत्र हाय, दौलतराव. समदं वाचा."

आता त्यांचा आवाज शेजारच्या बाईलाही जेमतेम ऐकू जात होता. "'...कॉलरमध्ये तांबडी गाठ सापडली. उलट्या पिळाची. तुझ्यासारखी डावरी गाठ दुसरं कोण मारणार? कोट तूच माझ्यासाठी निवडून धाडलास, हे मी ओळखलं. सुभेदारसाहेबांनी परवा दुसरा चांगला कोट देऊ केला. मी घेतला नाही. हा आईच्या हातचा आहे म्हणालो. मी तो अंगातून काढतच नाही.'"

गोजाबाईनं भाकरी खाली ठेवली. तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली, की क्षणभर तिला समोरचा माणूस दिसेनासा झाला.

"ते कोट लिलावात गेलं म्हनला व्हता तुमी," ती म्हणाली.

"वरून हुकूम आला होता, गोजाबाई. कपड्यांसाठी काही मंजूरच झालं नाही. नवे कोट नाहीत आणि नग तर पुरे भरायला हवेत. मी काय करणार?"

"आन गाठी? गाठी दिसल्या न्हाईत?"

"दिसल्या." दौलतरावांनी नजर चुकवली. "इतक्या गाठी उसवत कोण बसणार?"

शेडमध्ये आता एकही बाई जेवत नव्हती.

उत्तरासाठी म्हणून गोजाबाईनं एक कोरं कार्ड बरोबर आणलं होतं. ते तिनं दौलतरावांच्या पुढ्यात, त्या पेपरवरच आपटलं.

"लिवा. ज्योतीराम, ती गाठ मायेची न्हाई. हात माझाच हाय, पर तो कोट मी टाकून दिल्याला. आत्ताच्या आत्ता अंगातनं काढ. सुभेदार देत्यात तो घे. आन तुझ्या पलटनीत ज्याच्या ज्याच्या कॉलरीत तांबडी गाठ असंल, त्याला बी सांग."

"असं लिहिता येत नाही हो! लष्करातली पत्रं वाटेत वाचतात. माझी नोकरी जाईल."

"वाचू द्या की. पेपरात तर कुनी छापत न्हाई."

दौलतरावांनी बायांकडं पाहिलं. एकीनंही मान वळवली नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं आणि लिहायला लागले. ओळ संपली की गोजाबाई कार्डावर बोट ठेवायची. अक्षर तिला येत नव्हतं, पण किती बोलली आणि किती उतरलं, एवढं तिला कळत होतं.

कार्ड भरलं. दौलतराव ते खिशात घालायला लागले, तसा तिनं त्यांचा हात धरला.

"आदी वाचून दावा."

"'ज्योतीराम, ती गाठ...'" दौलतराव पुटपुटले.

"असं न्हाई," गोजाबाई म्हणाली. "विमानं वाचली तसं. मोठ्यानं."