चष्मा सुटलेली आत्या

बाळांनो, डोळ्यांसमोर आणा: तुमची आत्या चारचौघांत तुम्हाला 'ढापणी' म्हणून हिणवते आणि वर टेंभा मिरवते, "मी लेझर केलं, चष्म्याला कायमचा रामराम!"

अशाच एका आत्याला सोडायला भाची बसथांब्यावर गेली. आत्याचा नंबर इतक्या वर्षांत हळूहळू परतला होता, पण चष्मा लावला तर नाक कापलं गेलं असतं ना! बस आली. आत्याने डोळे किलकिले केले, तरी पाटी दिसेना.

"ए ढापणे, स्टेशनचीच ना ही? चार डोळे कशाला दिलेत? वाच पटकन, गाडी चुकेल माझी!"

भाचीने पाटी नीट वाचली: कचरा डेपो.


"हीच, आत्या, चढ," ती म्हणाली, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.