पिशवीतली मिनिडिस्क

"यंत्रं जोड्यांपाशी ठेवा. आत फक्त कान घेऊन या."

सोळा वर्षांपूर्वी नाराओका गुरुजींचा हा आवाज दारापर्यंत यायचा, भरदार, लाकडाच्या धुरासारखा उबदार. हिसाएला तो आज हिरोसाकी शहरातल्या जुन्या सामानाच्या दुकानात उभं असताना ऐकू आला. समोरच्या फळीवर छोट्या चकतीवर आवाज टिपणारे तीन मिनिडिस्क रेकॉर्डर मांडलेले. मागे स्टोव्हजवळ खुद्द गुरुजी तळवे शेकत बसलेले. वसंतात घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात नुसता श्वास उरला होता. ऐकायचं तर जवळ वाकावं लागे.

गाणं शिकवताना त्यांनी कधी कुणाला रेकॉर्ड करू दिलं नव्हतं. रेडिओवाल्यांनाही दारातून परत पाठवलं होतं. एकट्या हिसाएने टॉवेलात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी लपवून, रेकॉर्डर आत नेला होता. तो या शरदात बंद पडला. पर्समधली डिस्क आणि घरातल्या तिच्यासारख्या बाकीच्या आता कुठल्याच यंत्रावर वाजल्या नाहीत, तर तो आवाज जगात कुठेच नव्हता. गुरुजींना तिने सांगितलं होतं, नवऱ्याने जमवलेली जुनी गाणी ऐकायचीत. दवाखान्यातून परतताना तिने गाडी इथे थांबवली, तर "मी काय गाडीत गारठून मरू?" म्हणून तेही आत आले होते.

"नुसतं ऐकायला हवंय, की रेकॉर्डही करायचंय?" दुकानदारीण कासाईबाईंनी विचारलं.

"रेकॉर्ड करणारंच द्या. जुनं तसंच होतं, हात बसलाय."

गुरुजींनी खुणेने तिला जवळ बोलावलं. "नवऱ्याचं गाणं रेकॉर्ड करणार?"

"तो आंघोळीत असतानासुद्धा गात नाही, गुरुजी."

"मग निळा घे. निदान दिसायला तरी बरा."

निळा खरंच देखणा होता. झाकण घट्ट, बटणांवरचे आकडे न झिजलेले. कासाईबाईंनी त्यात स्वतःची बॅटरी घातली. "ताई, निळ्याची हमी देते. त्या करड्याची नाही. कोपरा चेपलाय, बघा."

हिसाएने इयरफोन कानात घातले, डिस्क आत सरकवली. आत चकती फिरल्याची बारीक कुरकुर झाली. पडद्यावर आकडे चालू लागले. एक सेकंद, दोन, दहा, चाळीस. आवाज नाही. तिने आवाजाचं बटण वाढवत नेलं. आकडे पुढे पुढे पळत राहिले आणि मागे नुसती शांतता.

तिचा हात फळीवर टेकला.

"पुसलं गेलं," ती पुटपुटली.

कासाईबाई वाकून पडद्याकडे बघत होत्या. "रेकॉर्ड करताना चौपट वेळ मावायची सोय लावली होतीत का?"

"हो. एका डिस्कवर जास्त मावावं म्हणून."

"मग घाबरता कशाला? हा निळा ती सोय येण्याआधीचा. आकडे मोजतो आणि मुका बसतो. गेल्या महिन्यात एक बाप्या लग्नाची डिस्क घेऊन आला होता, इथेच रडायला लागला. आधी चहा पाजला, मग समजावलं." त्यांनी करडा पुढे केला. "हा नंतरचा. चेपलेला आहे, पण बोलेल."

करड्याचं झाकण दोनदा दाबावं लागलं. कुरकुर झाली. आधी टॉवेलाची खसखस आली. मग,

*बर्फ तुडव गं पोरी, वाट मोकळी कर,*
*खाली निजलंय गवत, पाऊल हलकं धर.*

हिसाए हलली नाही. गुरुजी स्टोव्हपाशी बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. "लागलं का नवऱ्याचं?" त्यांच्या ओठांवरून तिला कळलं.

ती यंत्र हातात धरूनच त्यांच्यापाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली.

"नवऱ्याचं नाही, गुरुजी. तुमचं आहे. मी पिशवीत लपवून आणायचे. दर बुधवारी. तेवीस डिस्क आहेत."

कासाईबाईंना एकदम मागच्या कपाटातलं काहीतरी पुसायचं आठवलं.

हिसाएची मान खाली होती. गुरुजींनी तळहात पुढे केला.

"दे."

तिने एक इयरफोन त्यांच्या कानात बसवला, दुसरा आपल्या. गाणं पहिल्यापासून लागलं. आपलाच आवाज ऐकताना त्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, आणि जिथे तान वर चढत होती तिथे गळ्यावरचा ऑपरेशनचा व्रण ताणला जात होता. गाणं संपलं. मग एका बाईचा आवाज तेच कडवं म्हणू लागला, जरासा घाबरलेला, पण वळणावर गुरुजींपेक्षा निराळाच झुकणारा.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"मी."

डिस्कमधले गुरुजी म्हणाले, "पुन्हा." बाईने पुन्हा म्हटलं. "पुन्हा." पुन्हा म्हटलं.

"चौदा वेळा म्हणायला लावलंत त्या दिवशी," हिसाए म्हणाली. "मला वाटलं, मला हे कधी यायचंच नाही. घरी जाताना रस्ताभर रडले होते. शिकणं सोडणार होते."

गुरुजींनी तिची बाही धरून तिला जवळ ओढलं. त्यांचा श्वास तिच्या मोकळ्या कानावर आला.

"पहिल्याच वेळी जमलं होतं तुला. मला ऐकत राहायचं होतं."