चिपाडाची झडप

स्वयंपाकघरातला नळाचा पाइप हाताला मऊ लागला, तशा रसायनशास्त्रज्ञ मृणाल ओगले चपापल्या. पाइप त्यांनीच शोधलेल्या, उसाच्या चिपाडापासून बनणाऱ्या प्लास्टिकचा होता. ते मातीत पुरलं की तिथले जिवाणू खाऊन टाकत. जगातले कचऱ्याचे डोंगर त्यानेच संपवले होते.

त्यांनी नळाच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मातीबाहेर न जगणारे ते जिवाणू पाण्यात खुशाल वळवळत होते.

तेवढ्यात धाकटा भाऊ श्रीपाद फिरून आला. त्याच्या हृदयातली झडपही याच प्लास्टिकची होती. मृणालताईंनीच तसा आग्रह धरला होता.

"ताई, टेकडी चढून आलो," म्हणत त्याने नळाखाली पेला धरला.

"ते पाणी पिऊ नकोस."

"का गं? आठवडाभर हेच पितोय. जरा आंबूस लागतं, एवढंच."

मृणालताईंनी त्याच्या सर्जनना फोन लावला. "डॉक्टर, श्रीपादची झडप आजच बदलायला हवी."

मग त्यांनी पाइपचं आणि पाण्यातल्या जिवाणूंचं सगळं सांगितलं.

"बदलून काय बसवू, मॅडम?" डॉक्टर म्हणाले. "आता दुसऱ्या कशाच्या झडपा बनतच नाहीत."